कॉस्मेटिक एस्टरच्या उत्पादनात टोल्युइनच्या जागी कोणते द्रावक वापरावे?

आम्लपर्णी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा मध्यम आकाराचा एस्टरचा कारखाना असून सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारे दोन एस्टर आम्ही प्रामुख्याने बनवतो. पहिले म्हणजे पामिटिक आम्ल आणि २-इथाइल हेक्झेनॉल यांपासून मिळणारे ऑक्टाइल पामिटेट, आणि दुसरे म्हणजे मिरिस्टिक आम्ल आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल यांपासून मिळणारे आयसोप्रोपाइल मिरिस्टेट. दोन्हींत उत्प्रेरक म्हणून पीटीएसए (पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल) वापरतो. अभिक्रियेत तयार होणारे पाणी ओढून काढण्यासाठी पहिल्यात टोल्युइन आणि दुसऱ्यात सायक्लोहेक्झेन रिफ्लक्सला ठेवून (म्हणजे उकळत ठेवून, त्याची वाफ थंड करून परत भांड्यात सोडत) डिकँटरमधून, म्हणजे थर वेगळे करणाऱ्या पात्रातून, पाण्याचा थर काढून टाकतो. त्यानंतर सोड्याने उदासिनीकरण, गरम पाण्याने दोन धुण्या, निर्वात शुष्कन, कार्बन आणि शेवटी दुर्गंधनिवारण, असा नेहमीचा क्रम आहे.

आमच्या एका युरोपीय ग्राहकाने आता मालात ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनचा अंशही नको, आणि शक्य असल्यास प्रक्रियेतही तो नको, असे कळवले आहे. पुरवठादार २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान सुचवतात, कारण ते शेतीतील टाकाऊ मालापासून मिळणाऱ्या फुरफुरालपासून बनते. आमच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथर, लिमोनीन आणि डायमिथाइल कार्बोनेट ही नावे पुढे केली आहेत. यांपैकी काय निवडावे, आणि निवडताना केवळ किंमत आणि उत्कलनबिंदू न पाहता आणखी काय तपासावे, याबद्दल प्रत्यक्ष संयंत्रावर काम केलेल्यांचे मत हवे आहे.

---

बाष्पक यांचे उत्तर

आपल्या यादीतील दोन नावे आधी बाजूला काढून ठेवू या, म्हणजे चर्चा सोपी होईल. डायमिथाइल कार्बोनेट हे स्वतःच एक एस्टर आहे, त्यामुळे उत्प्रेरक आणि अल्कोहोल असलेल्या गरम भांड्यात ते तटस्थ राहील याची खात्री नाही, आणि त्यातून सुटलेले मिथेनॉल आपल्या मेदाम्लाला लागून मिथाइल पामिटेट तयार झाले तर ते नंतर वेगळे करणे त्रासाचे आहे. इथाइल लॅक्टेट आणि इथाइल ॲसिटेट हीही हरित द्रावकांच्या यादीत मानाने बसतात, पण त्यांनाही हाच आक्षेप लागू होतो. लिमोनीन तीव्र आम्लात गरम केल्यावर टर्पिनोलीन, टर्पिनीन अशा समघटकांत बदलते आणि हवेशी संपर्क आल्यास त्याचे ऑक्सिडीकरण होते. शिवाय ज्या मालाचे दुर्गंधनिवारण करण्यासाठी आपण वाफ आणि निर्वात खर्च करता, त्यात संत्र्याच्या सालीचा वास घालण्यात काय अर्थ आहे? त्याच घराण्यातील पॅरा-सायमीन आम्लात टिकते, पण ते स्वतःच ॲरोमॅटिक असल्याने आपल्या ग्राहकाला चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या प्रक्रियेत टोल्युइनचे काम काही विरघळवण्याचे नाही, कारण आम्ल वितळल्यावर ते अल्कोहोलमध्ये सहज मिसळते. टोल्युइनचे काम फक्त पाणी वर वाहून नेण्याचे आहे. म्हणून प्रत्येक पर्यायाला पहिला प्रश्न असा विचारायला हवा की त्याच्या ॲझिओट्रोपमध्ये, म्हणजे पाण्यासोबत ठरावीक प्रमाणात एकत्र उकळणाऱ्या मिश्रणात, पाणी किती असते. टोल्युइनचा पाण्याबरोबरचा ॲझिओट्रोप ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि त्यात वजनाने सुमारे २० टक्के पाणी असते, म्हणजे एक किलो पाणी वर नेण्यासाठी चार किलो टोल्युइनची वाफ करावी लागते. सायक्लोहेक्झेनमध्ये हे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आसपास असल्याने त्याच एका किलोसाठी जवळजवळ अकरा किलो सायक्लोहेक्झेन उकळावे लागते. हेप्टेनला पावणेसात किलो, २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरानला सव्वाआठ ते साडेआठ किलो आणि सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथरला साधारण पाच किलो लागतात. एक टन ऑक्टाइल पामिटेटमागे सुमारे ४९ किलो पाणी निघते. त्याला या आकड्यांनी गुणले की थर्मिक फ्लुइडवर (भांडे तापवणाऱ्या तेलावर) आणि कंडेन्सरवर पडणारा भार कागदावरच दिसू लागतो. टोल्युइन काढून २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान घातले, तर उगमाने हरित असलेले द्रावक दुप्पट प्रमाणात उकळावे लागेल, आणि आपला बॉयलर कोळशावर किंवा फर्नेस ऑइलवर चालत असेल तर तो हिशेब कोणत्या दिशेला जाईल हे वेगळे सांगायला नको.

परंतु ऑक्टाइल पामिटेटच्या बाबतीत माझे खरे म्हणणे असे आहे की तिथे कोणतेच द्रावक लागत नाही. २-इथाइल हेक्झेनॉल १८४ अंशांच्या पुढे उकळते, पाण्यात जेमतेम ०.१ टक्का विरघळते, आणि पाण्याबरोबरचा त्याचा ॲझिओट्रोप ९९ अंशांवर उकळतो, ज्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो पाण्यासोबत फक्त पाव किलो अल्कोहोल वर येते, डिकँटरमध्ये आपोआप वेगळे होते आणि परत भांड्यात जाते. प्लॅस्टिसायझर बनवणारे कारखाने थॅलिक अनहायड्राइडपासून डायऑक्टाइल थॅलेट बनवताना अनेक दशके हेच करत आले आहेत. तिथे जादा घेतलेले अल्कोहोलच पाणी वाहून नेते, आणि टायटॅनेट (टायटॅनियमच्या सेंद्रिय संयुगाच्या) उत्प्रेरकावर १८० ते २२० अंशांपर्यंत तापमान नेऊन अभिक्रिया पूर्ण केली जाते. आपल्याला अल्कोहोल दहा ते वीस टक्के जादा घ्यावे लागेल आणि शेवटी निर्वाताखाली ते परत मिळवावे लागेल, पण निर्वात यंत्रणा आपल्याकडे आहेच.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पीटीएसए किंवा सल्फ्युरिक आम्ल ठेवून तापमान वाढवले तर अल्कोहोलचे निर्जलीकरण होऊन ऑक्टीन आणि डायऑक्टाइल ईथर तयार होतात आणि मालाला रंग येतो. त्यामुळे द्रावक काढायचे असेल तर उत्प्रेरकही बदलावा लागेल. टायटॅनेटला सुरुवातीचे भरपूर पाणी आणि मुक्त आम्ल मानवत नाही, म्हणून बहुतांश पाणी निघून ॲसिड व्हॅल्यू (उरलेल्या मुक्त आम्लाचे माप) बरीच खाली आल्यावर ते घालावे, आणि पूर्ण वेळ नायट्रोजनचे आवरण ठेवावे. दुसरी गोष्ट वासाची. २-इथाइल हेक्झेनॉलचा अंश राहिला तर कॉस्मेटिक ग्राहक ड्रम उघडताक्षणीच माल परत पाठवेल, तेव्हा स्टीम स्ट्रिपिंग (वाफ सोडून उरलेला अंश उडवणे) कसून करावे लागेल. परत मिळवलेले अल्कोहोल पुन्हा पुन्हा वापरल्यास त्यात ऑक्टीनसारखे ऑलिफिन साचत जाते, म्हणून त्याचा थोडा भाग वेळोवेळी बाजूला काढणे इष्ट.

---

माटुंगेकर यांचे उत्तर

बाष्पक यांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी सुचवलेला बदल म्हणजे नवा उत्प्रेरक, जास्त तापमान, गाळणीची नवी सोय आणि ग्राहकाकडून नव्याने नमुना मंजुरी. मध्यम कारखान्याला हे सगळे एका वर्षात झेपेलच असे नाही. तोपर्यंत टोल्युइनच्या जागी एन-हेप्टेन घालावे. त्यात ॲरोमॅटिक अंश नगण्य असलेली प्रत मिळते, हेक्झेनप्रमाणे चेतातंतूंना होणाऱ्या विशिष्ट अपायाचा प्रश्न त्यात नाही, आणि औषधांतील अवशिष्ट द्रावकांच्या आयसीएच (औषध-नियमनातील आंतरराष्ट्रीय समन्वय परिषद) मार्गदर्शक तत्त्वांत टोल्युइनची मर्यादा ८९० पीपीएम (दहा लाख भागांत ८९० भाग) असताना हेप्टेन कमी जोखमीच्या तिसऱ्या वर्गात, म्हणजे ५००० पीपीएमच्या वर्गात आहे. भांडे, कंडेन्सर आणि डिकँटर तेच राहतात. ते खनिज तेलापासूनच येते आणि जलचरांना घातक आहे, हे मान्य. त्याला कोणी हरित म्हणणार नाही. पण आपल्या ग्राहकाची लेखी अट ॲरोमॅटिक नको एवढीच आहे.

एक सूचना मात्र जरूर करतो. रिफ्लक्सला ठेवलेले द्रावक प्रमाणाबाहेर घालू नये. अनेक ठिकाणी जुन्या बॅचशीटमध्ये चार्जच्या (भांड्यात घातलेल्या कच्च्या मालाच्या) वीस-पंचवीस टक्के टोल्युइन लिहिलेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच घातले जाते. डिकँटर, पाइप आणि कंडेन्सर भरून भांड्यात पाच-आठ टक्के राहील एवढेच घातले, तर भांड्याचे तापमान वर राहते, अभिक्रिया लवकर संपते आणि शेवटी उडवून काढायचे द्रावकही कमी असते. हा प्रयोग आपण उद्याच्या बॅचवर टोल्युइनसहच करून पाहू शकता.

---

निवळी यांचे उत्तर

मी सांडपाणी प्रक्रियेच्या बाजूने लिहिते, कारण या चर्चांमध्ये डिकँटरच्या खालच्या थराकडे फारसे कोणी पाहत नाही.

टोल्युइन पाण्यात सुमारे ०.०५ टक्का विरघळते. सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथर एका टक्क्याच्या आसपास विरघळते. २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान मात्र २० अंशांना १४ टक्क्यांच्या आसपास विरघळते. म्हणजे एक टन ऑक्टाइल पामिटेटमागे निघणाऱ्या ४९ किलो पाण्यात सात-आठ किलो द्रावक ईटीपीकडे (सांडपाणी प्रक्रिया संयंत्राकडे) जाईल. त्याची सैद्धांतिक ऑक्सिजन मागणी किलोला २.६ किलो इतकी आहे, तेव्हा त्या पाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला काही लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. असे पाणी थेट जैविक टाकीत सोडले तर टाकीतले जिवाणू टिकणार नाहीत. यावर उपाय नाही असे नाही. हे द्रावक गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळते, म्हणून डिकँटर मुद्दाम कोमट ठेवता येतो. शिवाय ते ७१ अंशांवर पाण्यासह उकळून निघत असल्यामुळे छोटा स्ट्रिपर (पाण्यातून द्रावक उडवून काढणारा स्तंभ) लावून बहुतेक परत मिळते. पण तो स्ट्रिपर, त्याची वाफ आणि त्याची देखभाल हे सर्व पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये नसते.

त्या द्रावकात साठवणुकीत पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून ते स्थिरीकारकासह घ्यावे लागते, आणि परत मिळवताना स्थिरीकारक मागे राहून जातो, हेही लक्षात ठेवावे. सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथरमध्ये पेरॉक्साइडची प्रवृत्ती बरीच कमी आहे. त्याबद्दल माझी शंका वेगळी आहे. गरम पीटीएसएच्या सान्निध्यात ते दीर्घकाळ राहिल्यास सायक्लोपेंटीन आणि मिथेनॉल सुटते का, हे प्रयोगशाळेत आपल्या तापमानाला आणि आपल्या वेळेपर्यंत रिफ्लक्स करून, मालात मिथाइल पामिटेट येते का ते गॅस क्रोमॅटोग्राफीवर पाहून ठरवावे. आयसीएचच्या २०२१ च्या सुधारणेत त्याला १५०० पीपीएमची मर्यादा आहे, तर २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान तिसऱ्या वर्गात आहे. मात्र युरोपातील औषध कंपन्यांच्या पुढाकाराने झालेल्या केम-२१ प्रकल्पाच्या द्रावक यादीत ही दोन्ही ईथर शिफारस केलेल्या वर्गात नसून समस्यात्मक वर्गात आहेत, आणि टोल्युइनही त्याच वर्गात आहे. ही बाब विक्रेते सहसा सांगत नाहीत.

माझा मुख्य आक्षेप तरी द्रावकावर नाहीच. आपल्या वर्णनात सोड्याने उदासिनीकरण आणि दोन धुण्या आहेत. मुक्त मेदाम्लाचा साबण होतो, त्याचे इमल्शन बनते, मधल्या थरात एस्टर अडकते, आणि ते फोडण्यासाठी मीठ घातले की सांडपाण्यात क्षारही वाढतात. माझ्या पाहण्यातल्या एस्टर कारखान्यांत ईटीपीवरचा मोठा भार याच पाण्याचा असतो, आणि फिरत्या द्रावकाचा वाटा त्यापुढे लहान असतो. बाष्पक म्हणतात त्या टायटॅनेटच्या मार्गाचा मला वाटणारा खरा फायदा इथे आहे. शेवटी थोडेसे पाणी घातले की टायटॅनेटचे जलविघटन होऊन घन ऑक्साइड बनतो आणि तो फिल्टर-एडवर (गाळण्यास मदत करणाऱ्या भुकटीच्या थरावर) गाळून निघतो. आम्लाचे उत्प्रेरक नाही, म्हणजे सोडा नाही, साबण नाही आणि धुणीही नाही.

---

आम्लपर्णी

सर्वांचे मनापासून आभार. माटुंगेकर सर, आमच्या बॅचशीटमध्ये खरोखरच भरपूर टोल्युइन लिहिलेले आहे आणि ते कोणी व का ठरवले याची नोंद सापडत नाही. ऑक्टाइल पामिटेटसाठी द्रावकाशिवाय प्रयोग करण्याचे आम्ही ठरवत आहोत. पण आयसोप्रोपाइल मिरिस्टेटचे काय करावे? आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे ते स्वतः पाणी वेगळे काढून देणार नाही. दोन्ही उत्पादनांसाठी एन्झाइमचा मार्ग व्यवहार्य आहे का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

---

विकरवाला यांचे उत्तर

एन्झाइमचा मार्ग व्यवहार्य आहे, पण आपल्या दोन उत्पादनांना तो सारखा लागू होत नाही.

कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचे लायपेज-बी सच्छिद्र ॲक्रिलिक रेझिनवर स्थिर केलेल्या दाण्यांच्या रूपात अनेक वर्षांपासून विकत मिळते. पामिटिक आम्ल ६३ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ६५ ते ७० अंशांना वितळलेल्या मिश्रणातच, कोणत्याही द्रावकाशिवाय अभिक्रिया करता येते, आणि निर्वाताखाली किंवा तळातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पाणी काढता येते. २-इथाइल हेक्झेनॉल या तापमानाला फारसे उडत नाही, त्यामुळे पाणी निघून जाते आणि अल्कोहोल मागे राहते. मेदाम्लांचे असे मऊपणा देणारे एस्टर, उदाहरणार्थ मिरिस्टिल मिरिस्टेट, युरोपात या पद्धतीने औद्योगिक प्रमाणावर बनवले जातात. तापमान कमी असल्यामुळे रंग येत नाही आणि वासाचे उपपदार्थ बनत नाहीत, म्हणून कार्बन आणि दुर्गंधनिवारण हे टप्पे बरेचसे वाचतात. माझ्या मते एन्झाइमची खरी बचत या शेवटच्या टप्प्यांत आहे, आणि जो हिशेब फक्त अभिक्रियेची ऊर्जा मोजतो तो अपुरा ठरतो.

अडचण अर्थातच किमतीची. एका किलो एन्झाइममागे किती टन एस्टर निघतो यावर सारे अवलंबून आहे. म्हणजे दाणे किती बॅच टिकतात, ढवळणीने त्यांचा चुरा होतो का, आणि मेदाम्लात राहिलेल्या खनिज आम्लाच्या किंवा साबणाच्या अंशाने ते मंदावतात का, हे पाहावे लागते. ढवळणीच्या भांड्याऐवजी दाणे स्तंभात भरून मिश्रण त्यातून फिरवले तर चुऱ्याचा प्रश्न मिटतो, पण मग पाणी काढण्यासाठी बाहेर वेगळे भांडे लागते. आपल्या २-इथाइल हेक्झेनॉलची शाखायुक्त रचना असल्याने सरळ साखळीच्या अल्कोहोलपेक्षा वेग थोडा कमी मिळेल, हेही गृहीत धरावे.

आयसोप्रोपाइल मिरिस्टेटच्या बाबतीत निर्वात लावला की पाण्याआधी अल्कोहोलच निघून जाते, आणि लहान साखळीच्या अल्कोहोलचे प्रमाण जास्त झाले तर एन्झाइमची क्रियाशीलता घटते. म्हणून अल्कोहोल हप्त्याहप्त्याने घालावे लागते. शक्य आहे, पण एन्झाइमची सुरुवात मी या उत्पादनापासून करणार नाही.

---

बाष्पक

आयसोप्रोपाइल मिरिस्टेटबद्दलचा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तराची मर्यादाही तीच होती. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा पाण्याबरोबरचा ॲझिओट्रोप ८० अंशांवर उकळतो, त्यात सुमारे १२ टक्के पाणी असते, आणि थंड केल्यावर थर पडत नाहीत. सायक्लोहेक्झेन घातले की ६४ अंशांच्या आसपास उकळणारा त्रिघटकी ॲझिओट्रोप मिळतो आणि थर पडतात, एवढ्याचसाठी आपण ते वापरता. तिथेही पाण्याच्या थरात बरेचसे अल्कोहोल जातेच, ते परत मिळवत नसाल तर आधी तेवढे करावे.

द्रावक पूर्ण काढायचे असेल तर पाणी वेगळे करण्याचे काम भांड्याबाहेर न्यावे लागते. मिरिस्टिक आम्ल आणि उत्प्रेरक ११० ते १३० अंशांना ठेवून त्यातून कोरड्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलची वाफ सतत सोडावी. ती अभिक्रियाही करते आणि तयार झालेले पाणीही उचलून नेते. वर आलेली ओली वाफ ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हमधून (अतिसूक्ष्म छिद्रांच्या शोषक दाण्यांमधून) न्यावी, ज्याच्या छिद्रांत पाणी शिरते पण आयसोप्रोपाइल अल्कोहोल शिरत नाही, आणि कोरडी झालेली वाफ पुन्हा भांड्यात सोडावी. हे तंत्र आपल्याकडे अपरिचित नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल निर्जल करण्यासाठी महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत हेच सीव्हचे जोडस्तंभ चालतात, त्यामुळे ते उभारणारे, भरणारे आणि दुरुस्त करणारे लोक कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या परिसरात सहज मिळतील. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पडद्यातून पाणी बाहेर काढण्याची, म्हणजे परव्हॅपोरेशनची पद्धतही आहे, पण आम्लाचे थेंब वाफेबरोबर आले तर पडदा खराब होतो, म्हणून मध्ये चांगला डिमिस्टर (वाफेतले थेंब अडवणारी जाळी) हवा. सीव्हलाही तीच काळजी घ्यावी लागते.

उत्प्रेरकाबद्दल एक गोष्ट जोडतो. आपले आयसोप्रोपाइल मिरिस्टेट औषधी मलमांसाठी जात असेल, तर पीटीएसए आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल यांतून अल्प प्रमाणात बनू शकणाऱ्या आयसोप्रोपाइल टॉसिलेटबद्दल ग्राहक कधीतरी विचारणारच, कारण अशा सल्फोनेट एस्टरकडे जनुकांना अपाय करू शकणारी अशुद्धी म्हणून पाहिले जाते. सल्फोनिक ॲसिड गटाचे आयन-एक्स्चेंज रेझिन वापरल्यास आम्ल रेझिनलाच बांधलेले राहते आणि गाळून काढता येते. भारतातही अशी रेझिन बनतात, आणि माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) त्यांच्यावर एस्टरीकरणाचे काम अनेक वर्षे झाले आहे. फक्त नेहमीच्या प्रतीची रेझिन १२० अंशांच्या वर टिकत नाहीत, तेव्हा तापमान त्या हिशेबाने खाली ठेवावे लागेल आणि वेळ वाढेल.

---

निवळी

प्रयोग सुरू करण्यापूर्वी एक काम कृपया करावे. गेल्या वर्षभरात टोल्युइन आणि सायक्लोहेक्झेन किती विकत घेतले आणि माल किती टन बनवला, एवढे खरेदी विभागाकडून घ्या. भांड्यात फिरणारे द्रावक म्हणजे खप नव्हे. विकत घेतलेले सगळे द्रावक कुठेतरी गेलेले असते: व्हेंटमधून हवेत, डिकँटरच्या पाण्यात, धुणीच्या थरात किंवा मालात. डिकँटरचे पाणी, धुणीचे पाणी आणि मालाचे नमुने तपासून यांतले तीन आकडे काढता येतात, आणि उरलेला व्हेंटचा. व्हेंटचा वाटा मोठा निघाला, तर मुख्य कंडेन्सरनंतर ब्राइनवर (अतिथंड मिठाच्या पाण्यावर) चालणारा एक छोटा कंडेन्सर लावणे हा द्रावक बदलण्यापेक्षा स्वस्त आणि लगेच करता येण्याजोगा उपाय आहे.

उत्प्रेरक, द्रावक किंवा सांडपाण्याचे स्वरूप बदलत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातील कच्च्या मालाची आणि सांडपाण्याची नोंद आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्यावी. हे काम चाचणी बॅच यशस्वी झाल्यावर नव्हे, त्याआधी करावे, कारण द्रावक साठवणुकीच्या परवानग्यांनाही वेळ लागतो.